डाव्या खांद्याची बंदूक

शिवमंदिर रस्ता, अंबरनाथ
रविवार, १४ फेब्रुवारी १९८८

प्रिय जयदेव,

तुझ्या ऑक्टोबरातल्या पत्राला आज उत्तर लिहितो आहे. चार महिने गेले. मी आजारी नव्हतो आणि कंपनीत कामही फार नव्हतं. रोजनिशी रोज लिहीत होतो, म्हणजे वेळ होता. पण तुझं पाकीट उघडलं की आधी फोटो बाहेर यायचा, आणि मी ते तसंच परत ठेवून द्यायचो. माफ कर.

फोटोत तू गॅरेजमध्ये उभा आहेस, हातात स्वतः जोडलेली ठासणीची बंदूक. तिकडे अशा बंदुकांचे सुटे भाग खोक्यात घालून विकतात आणि लोक हौसेने घरी घासूनपुसून जोडतात, असं तू लिहिलंस. तुला ती जोडताना वाडीवरचा देऊ ठाकर आठवला. मलाही फोटो बघून तोच आठवला, आणि त्याच्यामागोमाग त्याचा मुलगा चांगो. म्हणून लिहवेना.

देऊ गेल्यावर बंदूक आणि शेतसंरक्षणाचा परवाना चांगोच्या नावावर झाला, हे तुला ८४ साली कळवलं होतं. अर्ज मीच लिहिला होता. 'अर्जदार शस्त्र हाताळण्यास सर्वतोपरी सक्षम आहे' हे वाक्य माझं. चांगो डावखुरा आहे हे मला ठाऊक होतं, पण फॉर्मात त्यासाठी रकाना नव्हता.

तू स्वतः अशी बंदूक जोडली आहेस, म्हणजे तुला लगेच समजेल. घोडा आणि त्याच्या ठोक्याने फुटणारी दारूची केप नळीच्या उजव्या अंगाला असतात. उजव्या खांद्यावरून बार काढणाऱ्याचा चेहरा दुसऱ्या बाजूला राहतो. डाव्या खांद्याला बंदूक लावली की केप थेट तोंडासमोर फुटते. गेल्या आश्विनात तुझ्याच दोन एकरांत डुकरं शिरली. चांगोने बार काढला आणि फुटलेल्या केपची चकती उडून त्याच्या उजव्या डोळ्यात गेली. आता त्या डोळ्याला समोर माणूस आहे एवढं दिसतं, कोण आहे ते दिसत नाही.

भात तू विकायला लावतोस, हिशेब मी ठेवतो आणि राखण तो करतो. हे मी तुला तेव्हाच कळवायला हवं होतं.

एकच विचारायचं आहे. तुझ्या त्या खोक्यांत डाव्या हाताची बंदूक मिळते का? घोडा डाव्या अंगाला असलेली?

तुझा,
श्यामकांत

*

डेटन, ओहायो
१९ मार्च ८८

प्रिय श्यामदादा,

पत्र वाचून जेवण गेलं नाही. बकुळा म्हणाली, "तुझ्या आतेभावाने नेहमीसारखं स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय." मी म्हटलं, या वेळी मीही आहे शेजारी.

चांगो आणि मी एका वयाचे. खेकडे पकडताना तो डावा हात बिळात घालायचा आणि मी उजवा, म्हणून आमची टक्कर व्हायची नाही. बंदुकीचा विचार मात्र तेव्हा डोक्यात आला नाही.

लगेच शोधाशोध सुरू केली. पाच कंपन्यांचे कॅटलॉग मागवले. उजव्या हाताच्या किटांची पानंच्या पानं, हव्या त्या लांबीची, हव्या त्या लाकडाची. डाव्या हाताचं एका कॅटलॉगमध्ये एकच मॉडेल, आणि त्याच्यापुढे 'शिल्लक नाही'चा शिक्का. फोन केला तर बाई म्हणाल्या, साहेब, दस्ता उलटा कोरावा लागतो, घोड्याचा सगळा संच उलटा ओतावा लागतो, आणि गिऱ्हाईक दहात एक. कोण करणार?

इथल्या नेमबाजी क्लबात एक म्हातारा डावखुरा आहे. तो म्हणाला, "मी चाळीस वर्षं उजवीच चालवतो. चष्मा लावतो आणि देवाचं नाव घेतो." तोपर्यंत चांगोला निदान चष्मा तरी दे.

मी शोधत राहीन. हल्ली गॅरेजमध्ये भरपूर वेळ मिळतो.

तुझा,
जयदेव

*

अंबरनाथ
५ जून १९८८

प्रिय जयदेव,

तुझं बरं आहे, हातात मोकळा वेळ आहे. इथे कंपनीत दोन पाळ्या सुरू झाल्यात, तरी तीन कामं केली ती सांगतो.

पहिलं, चांगोला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं की उजव्या डोळ्याची नजर चार आणे उरली आहे, आणि तोंडाने बजावलं की पुन्हा असं काही उडालं तर तीही जाईल. चांगोने बाहेर येऊन विचारलं, "भाऊ, डावा डोला किती आने?" म्हटलं, सोळा. "मंग नेम डाव्यानंच धरतंय ना मी. तुमी कशाला तोंड पाडताव?"

दुसरं, त्याला जाड काचेचा चष्मा घेऊन दिला. तो लावून अंगणात उभा राहिला तर त्याची बायको ठमी पदर तोंडाला लावून हसायला लागली. "डुकर पलणार नाय," म्हणाली, "मास्तर आला समजून पाटी काढील." चांगोने चष्मा आढ्याला टांगून ठेवला आहे. घामाने काच धुरकट होते आणि नेम चुकतो, असं त्याचं म्हणणं. उजव्या खांद्यावर घे म्हटलं, तर घेऊन दाखवली. खरोखरच नळी काठीसारखी डुलत होती.

तिसरं, उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये चंदरकडे गेलो. त्याचं लेथचं दुकान आहे, आमच्या कंपनीचे सुटे भाग करतो. आहे त्याच बंदुकीचा घोडा डावीकडे बसवता येईल का, एवढंच विचारलं. त्याने आधी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

"साईं, मिक्सर का भांडा बोलो, पंखे का पाता बोलो, अमेरिका का शिक्का मारके देतो. बंदूक? मुलीचं लग्न करायचंय मला. जेल में से करू?"

मी म्हटलं, परवान्याची बंदूक आहे, मी रीतसर परवानगी काढीन.

"परवानगी काढा, पण तोंडाने विचारा. जाओ, बैठो, चाय पियो, हळूच विचारा. कागद पे मत लिखना. तोंडाचं बोललेलं साहेब संध्याकाळी विसरतो. कागदाची फाईल बनते, और फाईल को भूख लगती है."

मला त्याचं बोलणं पटलं नाही. ज्या गोष्टीत लपवण्यासारखं काही नाही, ती हळूच का विचारायची?

श्यामकांत

*

डेटन
१२ ऑगस्ट ८८

श्यामदादा,

मिळाली!

इथून तीन तासांवर एका गावात एक बाई भेटल्या. त्यांचे यजमान डावखुरे होते. सहा वर्षांपूर्वी त्यांनी नंबर लावून किट मागवलं, आणि खोकं घरी आलं त्याच महिन्यात ते वारले. बाईंनी खोकं उघडलंसुद्धा नव्हतं. मी चांगोची गोष्ट सांगितली. शेत, डुकरं, डोळा. त्या आत गेल्या आणि दोन्ही हातांवर खोकं घेऊन बाहेर आल्या.

मी झाकण उघडून बघितलं. घोडा डावीकडे आहे, दादा. इतक्या उजव्या बघितल्यावर ती एकदम चुकीचीच वाटते, आरशात बघितल्यासारखी.

मी २० डिसेंबरला येतोय. सुटे भाग सामानात घालून आणतो. बंदूक म्हणून कुणी ओळखणारही नाही, लाकूड आणि लोखंडाचे तुकडे. वाडीवर बसून आपण तिघं जोडू. परवान्यावर एक बंदूक लिहिलेली आहे, एकच राहील. जुनी मोडीत टाकू. कोण बघायला येतंय?

जयदेव

*

अंबरनाथ
२९ ऑगस्ट १९८८

प्रिय जयदेव,

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्या बाईंना माझा नमस्कार सांग.

पण असं आणू नकोस. विमानतळावर पकडला गेलास तर तू अडकशील, आणि नंतर कुणी बंदुकीचा नंबर परवान्याशी ताडून बघितला तर चांगो अडकेल. तू परत जाशील. तो कुठे जाईल? इथे ठाकराच्या हातात बिननंबरी बंदूक सापडली तर त्याचं कुणी ऐकून घेणार नाही.

मी कचेरीत रीतसर विचारतो. एक बंदूक जमा करून तिच्या बदल्यात डाव्या हाताची आणायला काय लागतं, कुणाची परवानगी, कोणता फॉर्म. सरळ विचारलं तर सरळ उत्तर मिळेल. साडेतीन महिने हातात आहेत.

श्यामकांत

*

डेटन
२ ऑक्टोबर ८८

प्रिय श्यामदादा,

कचेरीचं काय झालं? तिकिटं काढून झाली आहेत.

तुला एक सांगायचं राहिलं आहे. जूनमध्ये तू लिहिलंस, 'तुझं बरं आहे, हातात मोकळा वेळ आहे.' दादा, जानेवारीपासून माझी नोकरी नाही. कारखान्याचं डिझाइन खातंच बंद केलं. तुला कळवलं असतं तर तू आत्याला सांगितलं असतंस आणि तिने उपास धरले असते. गेल्या वर्षीची बंदूक हौसेची होती. यंदाची शोधाशोध म्हणजे सकाळी उठून कुठेतरी जायचं एक निमित्त होतं. बकुळाला मी सांगायचो, कामाला जातो. आणि एका अर्थी जातच होतो.

आता एका लहान कंपनीत लागलोय, काळजी करू नकोस. पण यंदा धड पार पडलेलं हे एकच काम आहे माझं. ते पोचवायचं आहे. उत्तर लवकर पाठव.

जयदेव

*

अंबरनाथ
६ नोव्हेंबर १९८८

प्रिय जयदेव,

नोकरीचं वाचून वाईट वाटलं. मोकळ्या वेळाबद्दल मी लिहिलं ते मागे घेतो. आईला सांगितलेलं नाही.

इकडची बातमी चांगली नाही. दसऱ्याच्या आधी पोलीस वाडीवर आले आणि चांगोची बंदूक ठाण्यात जमा करून घेऊन गेले. परवानाधारक शस्त्र चालवण्यास शारीरिकदृष्ट्या सक्षम आहे की नाही याची चौकशी होईपर्यंत ती तिथेच राहणार. चौकशी कधी, ते कुणी सांगत नाही.

नेमकं भात भरण्याचे दिवस. चांगो, ठमी आणि तिची बहीण डबे वाजवत शेतातल्या उंच माळ्यावर बसून राहिले. दोन वेळा कळप आला आणि डब्यांना न जुमानता शेतातून आडवा गेला. तुझं निम्मं भात गेलं. त्याच्या स्वतःच्या तुकड्यात काही उरलंच नाही. शेजारच्यांचंही नुकसान झालं, कारण त्या बाजूला बंदूक एकच होती.

चांगोचं म्हणणं, कुणीतरी तक्रार केली असणार. त्याचा संशय बांधाच्या पलीकडच्या हिरामणवर आहे. दोघं वर्षानुवर्षं पाळीपाळीने राखण करायचे, आता एकमेकांशी बोलत नाहीत. चांगोने त्याला सामायिक खळ्यावर भात झोडू दिलं नाही.

तू किट आणू नकोस. सध्या परवानाच टांगणीला लागला आहे.

श्यामकांत

*

डेटन
२१ नोव्हेंबर ८८

श्यामदादा,

खोकं इथेच ठेवतो. तिकिटं बदलली नाहीत, मी येतोय.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग ऑगस्टचं काढून वाचलं. तेव्हा तू लिहिलं होतंस की कचेरीत रीतसर विचारतो. नोव्हेंबरच्या पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही. जो माणूस रोजनिशीत टमाट्याचा भाव खोडून सुधारतो, तो असं विसरत नाही.

तू अर्ज केला होतास ना? त्यात काय लिहिलंस?

रागावलेलो नाही. पण उत्तर दे.

जयदेव

*

अंबरनाथ
शनिवार, १० डिसेंबर १९८८

प्रिय जयदेव,

हो. सात सप्टेंबरला अर्ज दिला. त्याचे तीन खर्डे माझ्या वहीत आहेत. प्रत्येक वेळी मी तो अधिक स्पष्ट, अधिक प्रामाणिक करत गेलो. शेवटच्या खर्ड्यातलं वाक्य असं: 'परवानाधारक डावखुरे असून, उजव्या हाताच्या बंदुकीमुळे त्यांच्या उजव्या डोळ्यास गंभीर इजा होऊन दृष्टी अंशतः गेलेली आहे, सबब डाव्या हाताची बंदूक बाळगण्यास परवानगी मिळावी.' सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची नक्कल जोडली. खाली सही, तारीख, पत्ता. टेबलावरच्या माणसाने वाचलं आणि म्हणाला, "वा, सगळं व्यवस्थित लिहिलंय."

त्याने त्याचं काम केलं. अर्धा आंधळा माणूस बंदूक बाळगतो, हे त्याला लेखी कळवणारा मी होतो. चंदरने सांगितलं होतं. मला वाटलं, तो धंदेवाला माणूस, त्याला सरळ मार्ग माहीत नाही.

चांगोला मी विचारलं नव्हतं, आणि हे मला सर्वात जास्त लागतं. तू तिकडे त्या बाईंना त्याची गोष्ट सांगितलीस, मी इथे कचेरीला सांगितली. त्याचा डोळा, त्याची बंदूक, त्याचा खांदा यांवर आपण दोघांनी नऊ महिने पत्रं लिहिली. अर्ज देऊ का, असं त्याला विचारायला बदलापूरहून एस.टी.ने पाऊण तास लागतो.

पण मी लपवतोय ते एवढंच नाही.

पोलीस येऊन गेल्यावर दोन दिवसांनी चांगो आणि ठमी माझ्या घरी आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून हुकूम आणला होता. वाडीवर तो कुणाला वाचायला दिला नव्हता. चांगो म्हणाला, "भाऊ, कागद तुमीच वाचायचा. तुमी वाचला म्हंजे खरा."

पहिल्याच ओळीत होतं, 'संदर्भ: श्री. श्यामकांत दिघे, अंबरनाथ, यांचा दि. ७/९/८८ चा अर्ज.'

मी दुसऱ्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.

ठमीला अक्षर येत नाही, पण माझं बोट कुठे आहे हे ती बघत होती. म्हणाली, "वरची वल नाय वाचलास, भाऊ?"

"कचेरीचा नंबर आहे," मी म्हटलं.

चांगोने विचारलं, "कोनी केला, ते लिवलाय काय?"

मी म्हटलं, "नाही."

जयदेव, हे 'नाही' विचार करून बोललेलं नव्हतं. तोंडातून गेलं. पण त्यानंतर दोन महिने मी ते रोज विचार करून सांभाळलं. तुला मागचं पत्र लिहिताना 'तक्रार केली असणार' हे वाक्य चांगोच्या तोंडी घातलं आणि मला वाटलं, मी खोटं तर लिहिलं नाही. असा मी.

मग दोघं उठले. उंबऱ्यावर चांगो थांबून म्हणाला, "मंग हिरामनच. दुसरा कोन?" मी त्यांना चहा विचारला.

आज सकाळी हिरामण आला होता. कंपनीच्या फाटकाशी उभा. खाली बघून बोलत होता. "भाऊ, तुमी शिकलेले. मला सांगा, नुसतं बोललं तर तक्रार होते का?" मी विचारलं, काय बोललास? म्हणाला, भादव्यात बदलापूरच्या हॉटेलात चहा पिताना एका हवालदाराजवळ हसत हसत बोललो होतो, चांग्या रात्रीचे बार काढतो, आमची म्हातारी दचकून उठते. "एवढंच, देवाशपथ. पण तेच त्यांनी लिहून घेतलं असलं तर?"

उद्या वाडीच्या देवापुढे पंच बसणार आहेत. हिरामणने नारळावर हात ठेवून सांगायचं की तक्रार मी केली नाही. हात ठेवला तर विषय संपला. नाही ठेवला तर वाडीने त्याच्याशी पाणी तोडायचं. माणूस कोरा असता तर सरळ हात ठेवून मोकळा झाला असता. पण त्याची स्वतःचीच खात्री नाही. "खोटी शपथ झाली तर पोराबाळांवर येईल," म्हणाला. "मी नाय हात ठेवणार, भाऊ. माझ्याकडूनच झालं असंल."

मी त्याला तिथेच सांगायला हवं होतं. दोघांत चार फुटांचं अंतर होतं. मी म्हटलं, "बघू, काहीतरी मार्ग निघेल," आणि भोंगा झाला म्हणून आत गेलो. भोंगा खरंच झाला होता, एवढंच माझ्या बाजूने लिहिता येईल.

दिवसभर स्टोअरमध्ये पेट्या मोजताना स्वतःला विचारत होतो. मला कशाची भीती वाटते? चांगो मारणार नाही. शिव्यासुद्धा देणार नाही बहुतेक. तो म्हणेल, 'तुमी आमच्या भल्यासाठीच केलाव,' आणि पुन्हा कधी माझ्याकडे कागद वाचायला आणणार नाही. तेवढ्यासाठी मी दुसऱ्या माणसाला वाळीत पडू देणार होतो.

बंदूक परत मिळेल की नाही, माहीत नाही. चौकशीसाठी जे करता येईल ते मी करीन, पण या वेळी चांगोला सोबत घेऊन आणि तो म्हणेल तसं. तुझं खोकं जपून ठेव, किंवा तिकडच्या एखाद्या डावखुऱ्याला दे. ते तुमचं तुम्ही बघा. मी आता कुणाच्या वतीने काही ठरवत नाही.

हुकमाची एक नक्कल मी तेव्हा करून ठेवली होती. ती पिशवीत घातली आहे, पहिल्या ओळीसकट. वाडीवर हिरामणची सून सातवी शिकलेली आहे. तिच्याकडून मोठ्याने वाचून घेईन, म्हणजे मला मधलं काही गाळता येणार नाही.

हे पत्र आता पेटीत टाकून येतो, नाहीतर सकाळी यातलंही एखादं वाक्य सुधारावंसं वाटेल. वहीत आज एकच ओळ लिहिली आहे, ती जशीच्या तशी:

उद्या, रविवार: पहिल्या एस.टी.ने वाडीवर. हिरामणसमोर नारळ ठेवण्याआधी पोचणे.

श्यामकांत